‘हार्ट फेल’ म्हणजे सारे संपले, असे नव्हे



आपल्याकडे ‘हार्ट फेल’ या शब्दाचा एकच अर्थ आहे. अमुक माणूस रात्री जेवून झोपला आणि पहाटे ‘हार्ट फेल झाला’, म्हणजे तो गेला. त्यामुळे दवाखान्यातून सुटी होताना कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलेले असले आणि घरातल्या शिकलेल्या पोराने ते मोठ्याने वाचले, की रुग्णाला वाटते आपला निकाल लागला. डॉक्टरांचा अर्थ मात्र वेगळा असतो. हृदय बंद पडलेले नाही, त्याची रक्त ढकलण्याची ताकद कमी झाली आहे, एवढेच ते सांगत असतात. विहिरीवरची मोटार कमी व्होल्टेजवर चालते तेव्हा पाणी येते, पण धार बारीक असते. तिला जबरदस्तीने पूर्ण दाबाने चालवले तर ती जळते. बेताने चालवली, वेळेवर देखभाल केली, तर ती कितीतरी हंगाम काढते. हृदयाचेही तसेच आहे. या आजारावर आता चांगली औषधे आहेत आणि नियमाने राहणारे रुग्ण वर्षानुवर्षे संसार करताना दिसतात.

तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाने कपाशीवर लिहावे, काळजावर कशाला? त्याचे कारण सांगतो.

एका अण्णांची गोष्ट

जामनेर तालुक्यात माझ्या कामाच्या गावांत एक शेतकरी आहेत. त्यांचे नाव सांगत नाही, अण्णा म्हणू. वय चोपन्न, सहा एकर रान, एक विहीर. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारी योजनेतून रक्तवाहिनीत स्टेंट बसली, खिशातून फारसे काही गेले नाही. जीव वाचला, पण हृदय कमजोर झाले. पायांवर सूज, चार पावले चालले की दम, रात्री आडवे झाले की जीव घाबरा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितले आणि घरी पाठवले.

मी ठिबकच्या फाइलसाठी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा अण्णा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. एरवी वाणावरून, खतावरून माझ्याशी तासभर वाद घालणारा माणूस एक शब्द बोलेना. काकू हळूच म्हणाल्या, “भाऊ, ते बोलूच नई राह्यले. जेवाले वाढलं तर दोन घास खातात नि उठतात.” मी आपल्या सगळ्यांच्या तोंडी असते तेच बोललो. “अण्णा, टेन्शन घेऊ नका. देवाचं नाव घ्या. सगळं ठीक होईल.” त्यांनी मान हलवली. मी फाइलवर सही घेतली आणि निघालो.

दोन महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, अण्णा पुन्हा दवाखान्यात. पंधरा दिवस त्यांनी गोळ्याच घेतल्या नव्हत्या आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. बरे होऊन आल्यावर मी भेटायला गेलो. या वेळी फाइल नव्हती, म्हणून बसलो. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, “तुम्ही सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नको. कोणी हे नाही विचारलं, का कशाचं टेन्शन हाये.”

मला मान खाली घालावी लागली. मग विचारले, आणि वीस मिनिटांत सगळे बाहेर आले. पहिले म्हणजे, रात्री झोपायची भीती. डोळा लागला आणि उठलोच नाही तर? दुसरे, ते दवाखान्यात असताना पोराने बैलजोडी विकली. निर्णय चुकीचा नव्हता, पण विचारले नाही. “मी जिवंत असून मेल्यात जमा,” असे त्यांचे शब्द. तिसरे, सोसायटीचे कर्ज आणि पोराचा पैसा आपल्या गोळ्यांत चाललाय ही टोचणी. म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. या तिन्ही गोष्टी इको तपासणीत दिसत नाहीत, पण माणसाला पुन्हा दवाखान्यात पोहोचवल्या त्यांनीच.

दुखणे दोन, लक्षणे एक

ही गोष्ट एकट्या अण्णांची नाही. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवर जगभर जे अभ्यास झाले, ते एकत्र पाहता साधारण पाचांतील एकाला उपचार लागावा एवढे नैराश्य असते. ज्यांचे मन असे खचते, त्यांच्या मृत्यूचा धोकाही इतर रुग्णांपेक्षा जवळजवळ दुप्पट आढळला आहे. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, पथ्य सोडतो, चालणे-फिरणे बंद करतो, तंबाखू-दारूकडे वळतो. हृदय आणखी थकते, की मन आणखी खचते. रहाटगाडग्यासारखे हे चालू राहते.

अडचण अशी की दोन्ही दुखण्यांची लक्षणे एकसारखी आहेत. थकवा, झोप नाही, भूक नाही, कशात लक्ष नाही. घरचे म्हणतात, ‘हार्टचा पेशंट आहे, असंच असणार.’ डॉक्टरांपुढे बाहेर वीस माणसे रांगेत असतात. रुग्ण तर स्वतः काही बोलत नाही, कारण ‘मन खचलंय’ म्हणणे म्हणजे वेड लागल्याची कबुली, असा आपल्याकडे समज आहे.

आपल्या देशात हा आजार तरुण वयात येतो, हेही लक्षात घ्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या राष्ट्रीय नोंदणीत देशभरातील ५३ रुग्णालयांचे १०,८५१ रुग्ण होते. त्यांचे सरासरी वय ५९.९ वर्षे निघाले. म्हणजे निम्म्याच्या आसपास माणसे साठीच्या आतली, अंगावर संसार आणि कर्ज असलेली. नोकरदाराला आजारपणाची रजा तरी असते. मृगाचा पाऊस पडल्यावर शेतकऱ्याने रजा कोणाकडे मागायची?

शासनाचा हात कुठवर पोहोचतो?

शस्त्रक्रियेच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत. २०२४ पासून ही मर्यादा ५ लाख झाली. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ ची गाडी आहे. जीव वाचवण्याची सोय झाली, ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. वाचलेल्या माणसाने घरी येऊन जगायचे कसे, हे कोणी शिकवत नाही.

मनाच्या आजारासाठी शासनाने काहीच केले नाही, असेही नाही. २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. मात्र तो मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी होता. जळगाव व धुळे त्या यादीत नव्हते. कोरडवाहू कपाशी आपलीही तीच आणि बोंडअळीही तीच, पण यादीची रेघ अजिंठ्याच्या डोंगरावर थांबली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, परंतु त्याचे तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी. तोंडापूर किंवा फत्तेपूर भागातून दम लागणाऱ्या माणसाला एसटीने जळगावला न्यायचे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते आणि सोबतीचा एक माणूस वेगळाच.

अशा वेळी दोन सोयी गावातच आहेत, त्या मात्र आपण वापरत नाही.

पहिली सोय आशाताईंच्या हातात आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म त्या भरतात, त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या धोक्याबरोबर मनाविषयी दोन प्रश्न छापलेले आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कोणतेही काम करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही, असे किती वेळा झाले? आणि उदास, निराश, हताश किती वेळा वाटले? उत्तराला शून्य ते तीन असे गुण आहेत. दोन्ही मिळून तीनपेक्षा जास्त झाले, तर त्या माणसाला समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे पाठवायचे आहे. प्रश्न चांगलेच आहेत. पण दारात उभ्याउभ्या, चार शेजाऱ्यांसमोर विचारले तर कोणता पुरुष ‘हो, मला हताश वाटतं’ म्हणेल? तो ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणतो आणि रकान्यात शून्य पडते. यात आशाताईंचा दोष नाही. त्यांच्यावर कामांचा डोंगर आहे. ज्या घरात हृदयाचा रुग्ण आहे, तेथे निदान हे दोन प्रश्न बसून, एकांतात विचारले जावेत, एवढी मागणी गावाने करावी.

दुसरी सोय म्हणजे टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेली ही फोनसेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येते. क्रमांक १४४१६. पशुवैद्यकाचा नंबर जसा गोठ्यात खडूने लिहून ठेवता, तसा हा घरात लिहून ठेवा.

अमरावतीचा अनुभव

गावातल्या साध्या माणसांनी मनाच्या दुखण्यावर काम करायचे म्हणजे काय, असा प्रश्न पडेल. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘संगाथ’ या संस्थेने ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला होता. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते तयार केले. ते घरोघर गेले, बोलले, ऐकले आणि गरज पडेल त्याला समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे पोहोचवले. त्यापूर्वी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४.३ माणसे कोणाकडे तरी मदत मागत. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ वर गेले. हा निष्कर्ष २०१७ मध्ये जगातील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अमरावतीचा कापूसवाला बोलू शकतो, तर जामनेरचाही बोलू शकेल.

खास हृदयाच्या रुग्णांवर परदेशात झालेले प्रयोगही पाहू. अमेरिकेत सेंट लुईस येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हृदय कमजोर असलेल्या १५८ खचलेल्या रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचाराबरोबर विचार-वर्तन बदलणारे समुपदेशन दिले गेले. त्यांचे नैराश्य इतरांपेक्षा स्पष्ट कमी झाले. पिट्सबर्गच्या प्रयोगात परिचारिकांनी वर्षभर फक्त फोनवरून रुग्णांची विचारपूस आणि मदत केली. त्यानेही मन सावरले. उलट, नुसती नैराश्याची गोळी देऊन पाहिली तेव्हा २०१० आणि २०१६ च्या दोन मोठ्या प्रयोगांत साध्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती बंद करू नका, पण गोळीने बोलण्याची जागा भरून निघत नाही, एवढे ध्यानात ठेवा. तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांचे मनही थोडे हलके झाले, असे आणखी एका प्रयोगात आढळले.

पिट्सबर्गच्या प्रयोगात मन सुधारले तरी मृत्यू किंवा दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत, हेही तुमच्यापासून लपवत नाही. समुपदेशन हे हृदयाच्या औषधाला पर्याय नाही. पण आहे ते आयुष्य माणसासारखे जगता येणे, याला काही किंमत आहे की नाही?

घरच्यांनी काय करावे

‘टेन्शन घेऊ नको’ हे वाक्य बंद करा. ‘कशाची काळजी वाटते?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. लगेच उपदेश नको.

त्यांना निर्णयातून काढू नका. बैल विकायचे, वाटा द्यायचा, वाण बदलायचा, काहीही असो. आधी त्यांच्याशी बोला. शेवटी पोराच्या मनाप्रमाणे झाले तरी चालेल, पण विचारलेले असावे.

झेपेल ते काम द्या. पाठीवरचा फवारणी पंप, पोती उचलणे, भर उन्हात निंदणी हे नको. परंतु गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासणे, ई-पीक पाहणी वेळेत होते का ते बघणे, पावसाची आणि खर्चाची वही ठेवणे ही कामे बसल्या जागी होतात. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली असेल, तर सकाळी गारव्यात कामगंध सापळ्यांतील गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजून यावे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, की फवारणीचा निर्णय घ्यायचा असतो. हा निर्णय ज्याच्या वहीवर ठरतो, तो माणूस निकामी कसा?

रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी वजन करून लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले, सूज वाढली किंवा रात्री बसून काढावी लागली, तर डॉक्टरांकडे जा. वजनाचा आकडा डोळ्यासमोर असला, की रात्रीची भीतीही कमी होते. काही बिघडले तर आधी कळेल, हा धीर येतो. लोणचे, पापड, शेव, ठेचा यांतले मीठ मोजा. पाणी किती प्यायचे हे डॉक्टरांना उन्हाळ्यापूर्वी पुन्हा विचारा, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना जातो. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून खाऊ नका, तिने अंगात पाणी साठते. लघवीची गोळी लग्नकार्यात अडचणीची वाटते, तर ती बंद न करता तिची वेळ बदलता येईल का ते विचारा.

छातीत दुखले किंवा दम वाढला, तर ‘हे मनाचे आहे’ असे घरी ठरवू नका. आधी १०८.

आणखी एक गोष्ट, कृषी खात्याचा माणूस म्हणून मी आग्रहाने सांगतो. ‘मी गेलो तर सुटाल’ असे कोणी म्हणू लागला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, सरळ विचारा, डॉक्टरांकडे न्या, १४४१६ वर बोला. फवारणीची औषधे घरात नसावीतच. असतील तर कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

बाईचे दुखणे

आतापर्यंत मी अण्णांविषयी बोललो, पण काकूंचे काय? वर सांगितलेल्या राष्ट्रीय नोंदणीत शंभरांत ३१ बायका होत्या. बायकांना हा आजार कमी होतो, की त्यांना दवाखान्यापर्यंत नेलेच कमी जाते, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. पुरुषाला वाटते, मी बिनकामाचा झालो. बाईला मात्र आजारी पडायची परवानगीच नसते. दम लागत असताना ती चूल, धुणे आणि कापूस वेचणी उरकते, आणि तिचा दम ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकवर मिटतो. तिच्या बाबतीत काम देण्याचा नव्हे, काम काढून घेण्याचा प्रश्न आहे. आणि जी आजारी नवऱ्याची सेवा करते, तिलाही कधीतरी विचारा, ‘तुला झोप लागते का?’

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, गटसचिव आणि आम्ही कृषीवाले, आपण सगळे कोणत्या ना कोणत्या कागदासाठी प्रत्येक घरी जातो. समुपदेशक व्हावे असे कोणी म्हणत नाही. पण चार गोष्टी करता येतील. गावात हृदयाचे किती रुग्ण आहेत, हे आशाताई व आरोग्य उपकेंद्राकडून समजून घ्यावे. त्यांची नावे मात्र चावडीवर नकोत. ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून एक चांगला वजनकाटा घ्यावा. वसुलीचे बोलणे आजारी माणसाच्या अंगणात, लोकांसमोर करू नये. पोराला बाजूला घेऊन पुनर्गठनाची माहिती द्यावी. आणि प्रेरणा प्रकल्पासारखी सोय खानदेशातही हवी, असा ठराव ग्रामसभेत घ्यावा. एका गावाच्या ठरावाने काही होत नाही, पण तालुकाभर ठराव झाले तर जिल्हा परिषदेला दखल घ्यावी लागेल.

अण्णांचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारालच. चमत्कार झाला नाही. बांध चढताना त्यांना अजून दम लागतो, पावसाळी रात्री अजून भीती वाटते. पण गोळ्या चालू आहेत. पोरगा संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बसतो. गेल्या हंगामात सापळ्यांची मोजणी त्यांनी केली आणि एक फवारणी वाचवली. परवा मी गेलो, तर वाणावरून माझ्याशी वाद घालू लागले. काकू आतून म्हणाल्या, “भाऊ, आता बोलाले लागले तं थांबूच नई राह्यले.”

यंदा खरीपपूर्व सभेला याल, तेव्हा बियाणे-खताबरोबर आपल्या भावकीतल्या अशा एका माणसाची आठवण ठेवा. घरी जाताना त्याच्या ओट्यावर थोडे टेका, आणि विचारा.